डोळा मिटत नाही, आणि कंपनी म्हणते कॉस्मेटिक

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत डोळ्यांभोवतीच्या सर्जरीवर अख्खं पान आलं होतं. सुरकुत्या, डोळ्याखालच्या पिशव्या, बोटॉक्स, फिलर सगळं होतं, ज्याला हौस आहे त्यानं जरूर करावं, माझी काही तक्रार नाही. फक्त फिलर पार्लरमध्ये टोचून घेऊ नका एवढं ठळक छापायला हवं होतं, कारण नाकाजवळ किंवा भुवयांमध्ये टोचताना ते रक्तवाहिनीत गेलं तर डोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन नजर जाऊ शकते. पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. त्याच डॉक्टरांच्या दारात भाजलेली, गाडीवरून पडून चेहऱ्याचं हाड मोडलेली, पापणीवरची कॅन्सरची गाठ काढलेली माणसं बसलेली असतात, त्यांच्यावर त्या पानात एक ओळ नव्हती.

आमच्या दाजींचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात काहील वाफ्यात ओतताना पाक उडाला आणि डाव्या डोळ्याखाली गालापर्यंत भाजलं. जखम भरली पण भरता भरता कातडी आखडत गेली, खालची पापणी गालाकडं ओढली गेली, आतला लालभडक भाग बाहेर आला आणि डोळा मिटायचाच बंद झाला. झोपले तरी बुबुळ खालून उघडं. आक्का रोज रात्री मलम घालून वरनं चिकटपट्टी लावायची, पहाटेपर्यंत ती घामानं सुटलेली असायची, मग दिवसभर टोचणी, गाडीवर वारं लागलं की डोळ्यातनं धार आणि रुमाल ओलाचिंब. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पापणी मिटत नाही म्हणजे पाणी डोळ्यावर पसरत नाही, कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कोरडा पडतो, त्यावर जखम होते आणि त्यात जंतू शिरले की पांढरा डाग पडून नजर जाते. कानामागची कातडी काढून पापणीला लावावी लागेल म्हणाले.

मेडिक्लेम होता, भाचीनं काढून दिलेला. कॅशलेसला कागद पाठवले तर उत्तर काय, "कॉस्मेटिक ट्रीटमेंट, नामंजूर". माणसाला डोळा मिटता येत नाही आणि हे म्हणतात कॉस्मेटिक! दाजी तर म्हणाले राहू दे, आता या वयात मला कुठं कुणाला तोंड दाखवायचंय. भाचीनं मात्र पॉलिसीचं पुस्तक काढून शब्द न् शब्द वाचला. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिनं सगळ्या आरोग्य विम्यांना ठरवून दिलेलं कलम आहे, एक्सक्लुजन कोड ०८, त्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलीय खरी, पण पुढं स्पष्ट लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती असेल तर हे लागू नाही, आणि तब्येतीला थेट धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं तरीही नाही. मग डॉक्टरांकडून दाखला घेतला, डोळा मिटायला गेल्यावर तो उघडाच राहतो त्याचे फोटो जोडले, कलम क्रमांकासकट परत पाठवलं, तेव्हा मंजूर झालं. ऑपरेशन झालं, खूण राहिलीय, पण रात्री डोळा पूर्ण मिटतो. ज्याच्या घरात असं वाचणारं कुणी नाही त्यानं काय करायचं, हे मला सतावतंय.

आणि कंपन्यांचं सोडा, आपल्या घरात तरी काय वेगळं आहे? जन्मतःच एखाद्या पोरीची वरची पापणी पडलेली असते, ती डोळ्याच्या बाहुलीवर येते, आणि वडीलधारी म्हणतात लग्नाच्या वेळी बघू की, आत्ता काय घाई आहे. अहो, लहानपणी त्या डोळ्यानं नीट दिसलंच नाही तर मेंदू त्या डोळ्याचं बघणं शिकतच नाही, मग विसाव्या वर्षी पापणी उचलून चेहरा चांगला दिसेल, नजर परत येणार नाही. लेकराची पापणी पडलेली दिसली की ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, कळकळीनं सांगतोय.

ॲसिड हल्ल्यातल्या ज्यांना पापणी मिचकावता येत नाही त्यांची बँकेतली केवायसीसुद्धा अडायची, कारण कॅमेऱ्यापुढं डोळे मिचकावा म्हणायचे. त्यावर सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ ला निकाल देऊन पद्धत बदलायला लावली. एवढी मोठी गोष्ट, पण आमच्या गल्लीत विचारलं तर कुणाला माहीत नाही.

म्हणून विनंती आहे की पुढच्या पुरवणीत याच्यावर पान द्या. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची, त्यांनीही नाही म्हटलं किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाता येतं, त्याला फी नाही, वकील लागत नाही. ज्यांच्याकडं मेडिक्लेम नाही त्यांनी महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारावं, योजनेत भाजल्यावरच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या उपचारांचा विभाग आहे. लोकपाल कार्यालयाचा पत्ता तेवढा चौकटीत छापा, लोक कापून ठेवतील.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर