पोती नकोत, वर्गणी भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'वाचनालयांना हातभार लावा' असं आवाहन वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतं. ते आलं की आठवडाभरात आमच्या वाचनालयाच्या पायरीवर पुस्तकांची पोती येऊन पडतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी वर्गवारीतल्या 'इतर ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाची मी मानद कोषाध्यक्ष आहे. आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं, त्यामुळे मदतीचा विषयही रुपयांत मांडणार आहे. राग नसावा.

पोत्यांत काय असतं? जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीची पुस्तकं, पाच-सहा निवडणुकांपूर्वीची स्पर्धा परीक्षेची गाइडं, कुणाच्या तरी मुंजीत वाटून उरलेल्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रती, संचातला तिसरा खंड तेवढा. देणाऱ्याला वाटतं, पुस्तकं सत्कारणी लागली. इकडे प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवा, शिक्के मारा, वर्गांक घाला, पाठीवर चिठ्ठी चिकटवा आणि फळीवर जागा शोधा. एकदा नोंदवहीत चढलेलं पुस्तक असंच रद्दीत घालता येत नाही. निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून कमी करायच्या पुस्तकांची, यादी करायची, ती कार्यकारी मंडळापुढे ठेवायची, ठराव करायचा. कसर लागलेलं एखादं पोत्यातून आत शिरलं तर शेजारची अख्खी फळी उतरवावी लागते ती वेगळीच.

गेल्या वर्षी एका डॉक्टरांच्या सूनबाई मात्र आधी वहीत यादी करून घेऊन आल्या. ग्रंथपाल बाईंनी पेन्सिलनं खुणा केल्या, तेवढीच पुस्तकं त्यांनी रिक्षातून पाठवली आणि वर बाइंडिंगसाठी पाचशे रुपये दिले. देणगी अशी असते.

आता हिशेब. 'सरकार अनुदान देतं ना?' हा प्रश्न मला बाजारात भाजी घेतानाही विचारला जातो. देतं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं मान्यता मिळालेल्या वाचनालयांना वर्गवारीनुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्याच्या खर्चासाठीचं अनुदान, मिळतं आणि 2022 साली त्यात 60 टक्के वाढही झाली. त्या वाढीनुसार आमच्या वर्गाला वर्षाला 3 लाख 7 हजार 200 रुपये. आकडा बरा दिसतो. पण त्यातला निम्मा पगारावर जातो, म्हणजे महिन्याला 12 हजार 800, आणि ते आमच्या तीन कर्मचाऱ्यांत वाटायचे. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं, वीज, बाइंडिंग, हिशेब तपासणी, सगळं.

शिवाय एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. अनुदान मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंतच मिळतं. म्हणजे पूर्ण रक्कम पदरात पाडून घ्यायची तर आधी 3 लाख 41 हजारांचा खर्च करून दाखवायचा, त्यातले 34 हजार आमचे आम्ही उभे करायचे. तेवढे जमले नाहीत तर प्रत्येक कमी पडलेल्या रुपयामागे सरकारचे नऊ रुपये जातात. आमची मासिक वर्गणी तीस रुपये आहे. तुमचे ते तीस रुपये किती जड आहेत, हे यावरून कळावं.

कर्नाटक, तमिळनाडूत मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. ती असावी असं माझं मत आहे. पण ती होईपर्यंत वर्गणीदाराला पर्याय नाही, आणि वर्गणीदार घटतोय. याच जिल्ह्यात भिलारला 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. आमच्या गावातली मंडळी तिथं जाऊन कपाटांपुढे फोटो काढतात, स्ट्रॉबेरी घेऊन परततात. स्ट्रॉबेरीबद्दल तक्रार नाही. पण त्यांतल्या कितींकडे गावच्या वाचनालयाचं कार्ड आहे?

पैशापलीकडेही करण्यासारखं बरंच आहे. मागणी वहीत हव्या असलेल्या पुस्तकाचं नाव लिहा; वही कोरी राहिली की खरेदी विक्रेत्याच्या मर्जीनं होते. मुलांना बालविभागात सोडून तुम्ही गाडीत मोबाइल बघत बसू नका, आत या. वार्षिक सभेला या. दरवर्षी गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, मग अर्ध्या तासानं तीच डोकी तेच ठराव करतात. कुणाला संगणक येत असेल तर दुपारी दोन तास द्या, आमची अर्धी नोंदवही अजून कागदावरच आहे. आणि कोड्याचं पान कृपया फाडून नेऊ नका. आपलं दैनिक आमच्याकडे सकाळी साडेसातला येतं, आठपर्यंत कोडं गायब झालेलं असतं.

दिवाळी अंकांची नोंदणी आता सुरू होईल. एकेक अंक तीनशे-चारशेच्या घरात गेला आहे, आणि वाचकांची सगळ्यात लांब रांग त्यांच्यासाठीच लागते. एका घरानं एक अंक पुरस्कृत केला तरी आमचा संच पुरा होईल. मुखपृष्ठाच्या आत देणाऱ्याचं नाव आम्ही शिक्क्याखाली लिहितो.

आपल्याला एक विनंती. स्थानिक पानावर महिन्यातून एकदा तालुक्यातल्या वाचनालयांच्या वेळा आणि नव्या पुस्तकांची नावं छापा. चार ओळींची जागा पुरे. मजकूर आम्ही टाइप करून पाठवू.

आपली,
एक मानद कोषाध्यक्ष, जि. सातारा