परिच्छेदलेखनाचा संच घेतला, परिच्छेद त्यात सापडला नाही : एक तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रौढांसाठीच्या इंग्रजी परिच्छेदलेखन संचातील त्रुटी, जाहिरातीतील दिशाभूल आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी कोल्हापुरात नोकरदार माणसांसाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चालवते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले फाउंड्री सुपरवायझर, खासगी रुग्णालयातल्या परिचारिका, पतसंस्थेतले कारकून अशी मंडळी वर्गात असतात. बहुतेक जण मराठी माध्यमातले आणि चाळिशी ओलांडलेले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. ही त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली पिढी. यांना वाक्य करता येतं, फोनवर वेळही मारून नेतात. पण सहा-सात वाक्यं सलग लिहायची म्हटलं की गाडी अडते. तुमच्या जाहिरातीत नेमकं हेच दुखणं हेरलं होतं. ‘वाक्याकडून परिच्छेदाकडे, खात्रीशीर’ असं त्यात होतं. शिवाय ‘प्रत्येक लेखनावर तज्ज्ञ शिक्षकांचा वैयक्तिक अभिप्राय’. त्या भरवशावर २० कार्यपुस्तिका, शिक्षक मार्गदर्शिका आणि ॲपची वर्षभराची वर्गणी असा संच १८,६०० रुपये आगाऊ भरून तुमच्या वेबसाइटवरून मागवला.

पार्सल उशिरा आलं, दोन पुस्तिकांची पानं उलटी शिवलेली निघाली. ते मी सोडून देते. तक्रार आतल्या मालाबद्दल आहे.

संचाच्या वेष्टनावर ‘सीईएफआर बी१ ते बी२’ असा ठळक शिक्का आहे. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या, भाषेची पातळी ठरवणाऱ्या या चौकटीत बी१ पातळीच्या माणसाने ओळखीच्या विषयावर साधा पण जोडलेला मजकूर लिहावा, एवढी तरी अपेक्षा आहे. तुमच्या पुस्तिकेच्या पहिल्या अर्ध्या भागात जोडलेला मजकूर लिहायला जागाच नाही. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, चूक की बरोबर. पुढे परिच्छेद लिहायला सांगितलाय तिथे सहा ओळी आखल्यात, समास नाही, दोन ओळींत बोट मावेल एवढंही अंतर नाही. मी दुरुस्ती कुठे करायची? आणि विद्यार्थ्याने तोच परिच्छेद सुधारून पुन्हा कुठे लिहायचा? पहिला खर्डा, त्यावर बोलणं, मग दुसरा खर्डा, ही लेखन शिकवण्यातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. ती तुमच्या अख्ख्या पुस्तिकेत नाही.

विषयांबद्दल काय बोलावं? ‘माझा आवडता प्राणी’, ‘प्राणिसंग्रहालयाची सहल’, ‘मी पक्षी झालो तर’. भट्टीसमोर आठ तास उभं राहून आलेल्या, दोन मुलांच्या बापाला मी पक्षी व्हायला सांगू? त्यांच्याजवळ सांगण्यासारखं खूप असतं. एखादा लॉट का परत आला, रात्रपाळीत रुग्ण कसा सांभाळला, कर्जाची फाइल कुठे अडकली. प्रौढांच्या लेखनाला हाच कच्चा माल लागतो. वेष्टनावर ‘ॲडल्ट लर्नर्स’ छापलं आणि आत चौथीचं पुस्तक घातलं, असा हा प्रकार आहे.

आता पाठ तीन बघा. पाच वाक्यं देऊन त्यातलं टॉपिक सेंटेन्स, म्हणजे परिच्छेदाचं मुख्य वाक्य, ओळखायला सांगितलंय. उत्तरसूचीत उत्तर आहे : ‘धिस पॅराग्राफ इज अबाउट मोबाइल फोन्स.’ हे फक्त विषयाचं नाव झालं. टॉपिक सेंटेन्समध्ये विषय असतो आणि त्या विषयाबद्दल लिहिणाऱ्याचं एक म्हणणं असतं. पुढची सगळी वाक्यं त्या म्हणण्याला टेकू देतात. ‘मोबाइलमुळे आमच्याकडे पाळी बदलताना निरोप चुकेनासे झाले’ असं लिहिलं, की पुढे काय यायला हवं आणि काय गाळायला हवं ते लिहिणाऱ्याला आपोआप कळतं. मोबाइलची किंमत, मुलांचे डोळे, चार्जर हे सगळं बाहेर. ‘हा परिच्छेद मोबाइलबद्दल आहे’ म्हटल्यावर काहीही आत येऊ शकतं, आणि तुमच्या नमुना परिच्छेदात ते आलंही आहे. चौथ्या वाक्यात चार्जर आहे. मी फळ्यावर माझं उत्तर लिहिलं तेव्हा वर्गातल्या एका परिचारिकेने विचारलं, ‘मॅडम, मग पुस्तकात छापलंय ते खोटं का?’ पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकाविरुद्ध मलाच बोलावं लागलं.

त्याच पाठात मार्गदर्शिकेचा हुकूम आहे की टॉपिक सेंटेन्स पहिलंच हवं, नसेल तर शून्य गुण. सुरुवातीच्या वाक्याने परिच्छेदाचा विषय सांगावा, हा नियम ॲलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ साली मांडला. नवख्यांना मीही आधी तसंच लिहायला लावते, कारण त्याने हात बसतो. पण १९७४ साली रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकी अभ्यासकांनी मासिकांतले व्यावसायिक लेखकांचे लेख तपासले, तेव्हा ते लेखक फार कमी वेळा असं करतात असं त्यांना आढळलं. वर उल्लेखलेल्या परिचारिकेने रात्रपाळीतला एक प्रसंग क्रमाने लिहिला आणि शेवटच्या वाक्यात म्हटलं की म्हणून ड्रेसिंग बदलल्याची वेळ फलकावर लिहायलाच हवी. परिच्छेद नेटका होता. तुमच्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्याला शून्य.

मार्गदर्शिकेच्या पान १४ वर एक चित्र आहे. इंग्रजी माणसाचा विचार सरळ रेषेत जातो आणि ‘भारतीय विद्यार्थ्यां’चा गोल गोल फिरतो, असं त्यात दाखवलंय. या रेघोट्या अमेरिकी भाषातज्ज्ञ रॉबर्ट कॅप्लान यांच्या १९६६ सालच्या निबंधातून उचलल्यात हे उघड आहे. त्यांवर पुढे भरपूर टीका झाली, खुद्द कॅप्लान यांनीही नंतर भूमिका सौम्य केली. तुम्ही मात्र ती आकृती भारतीयांच्या नावावर खपवून सिद्ध झालेल्या गोष्टीसारखी छापलीत. माझे विद्यार्थी गोल गोल विचार करत नाहीत. इंग्रजी वाचकाला मुद्दा कधी हवा असतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

आता ॲप. पैशाचा मोठा भाग त्यासाठी घेतलाय आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलंय.

एका फाउंड्री सुपरवायझरने ग्राहक कंपनीला पाठवायचा परिच्छेद लिहिला. मराठीत सांगायचं तर मजकूर असा : सोमवारच्या लॉटमधल्या व्हॉल्व्ह बॉडींत ब्लो होल (ओतकामात वायूमुळे पडणारी छिद्रं) निघाले. मोल्डिंगच्या वाळूत ओलावा जास्त झाला होता. पावसाचं पाणी वाळूच्या शेडमध्ये शिरलं होतं. आता आम्ही शेडची गळती बंद केली आहे आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ओलावा तपासतो. इंग्रजीत ‘द’ दोन ठिकाणी राहिला होता, एक क्रियापद चुकलं होतं. पण काय झालं, का झालं, त्याच्या मागे काय होतं, आता काय केलं, हा क्रम पक्का होता. ॲपने दिले दहापैकी चार. शेरा : ‘लिंकिंग वर्ड्स (जोडशब्द) कमी आहेत, समारोपाचं वाक्य नाही, प्रगत शब्दसंग्रह वापरा.’

मला शंका आली म्हणून तीच वाक्यं मी उलट्या क्रमाने टाकली. आधी उपाय, मग पाऊस, मग ओलावा, शेवटी ब्लो होल. गुण तेच, चार. मग त्या उलट्या मजकुरात ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘ऑन द अदर हँड’ आणि शेवटी ‘इन कन्क्लुजन’ असं हाताला येईल तिथे चिकटवलं. अर्थाचं पार भरीत झालं. गुण आले नऊ, वर सोनेरी तारा.

याचा अर्थ तुमचं ॲप वाक्यांचा क्रम बघतच नाही. परिच्छेदात आधीच्या वाक्यातल्या कशाला तरी धरून पुढचं वाक्य उभं राहतं, आणि शिकवायचं असतं ते नेमकं हेच. ते न तपासणारं यंत्र परिच्छेदलेखनाचं म्हणून विकणं ही दिशाभूल आहे. तुमच्या जाहिरातीत आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचाही उल्लेख आहे. त्या परीक्षेच्या जाहीर निकषांत जोडशब्दांचा अतिवापर नऊपैकी पाचव्या बँडच्या, म्हणजे गुणपातळीच्या, वर्णनात येतो. तुम्ही त्याच अतिवापराला तारे वाटता. माझ्या वर्गातल्या दोन परिचारिका इंग्लंडला जायच्या तयारीत आहेत, त्यांनी ॲपचं ऐकलं तर लेखनात मार खातील.

‘तज्ज्ञ शिक्षकांचा अभिप्राय’ प्रत्येकाला एकच येतो : ‘गुड एफर्ट! यूज मोअर कनेक्टर्स.’ एका विद्यार्थ्याच्या हातून घाईत घरच्या किराणा यादीचा फोटो अपलोड झाला, तर तूरडाळ आणि साबणालाही हाच अभिप्राय आला. त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. वर्गात हशा पिकला, पण तो माझ्या पैशांवर.

ग्राहक सेवेशी चॅटवर बोलले तर आधी पासवर्ड बदलायची सूचना आली. नंतर फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले की पुस्तिका उघडल्या आहेत म्हणून परतावा नाही, आणि तुम्ही क्लास चालवता म्हणजे व्यावसायिक खरेदीदार, ग्राहक नाही. पुस्तिका उघडल्याशिवाय आत काय आहे ते कसं कळावं, हे त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या मुद्द्यापुरतं सांगते : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे, त्याखालचं स्पष्टीकरण वाचा. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तू व्यावसायिक हेतूत धरल्या जात नाहीत. हा वर्ग मी एकटी चालवते आणि माझं घर त्यावर चालतं.

माझी मागणी अशी. संचाची पूर्ण रक्कम, १८,६०० रुपये, मूळ खात्यात परत करावी. पुस्तिका परत न्यायच्या असतील तर खर्च तुमचा. पाठ तीनची उत्तरसूची आणि पान १४ वरची आकृती यांचं शुद्धिपत्र हा संच घेतलेल्या सगळ्या शिक्षकांना पाठवावं, कारण फसलेली मी एकटी नसणार. आणि माणूस वाचत नसेल तर ‘वैयक्तिक अभिप्राय’ हे शब्द जाहिरातीतून आजच काढावेत. बदली संच किंवा पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन मला नको. प्रतिनिधींनी ते आधीच देऊ केलं होतं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं बंधनकारक आहे. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून मी कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

उत्तर लेखी द्यावं, फोन करू नये. संध्याकाळी सहानंतर मी वर्गात असते.

आपली,
एक ग्राहक आणि शिक्षिका,
कोल्हापूर

सोबत : खरेदीची पावती, जाहिरातीची प्रत, पाठ तीन व पान १४ च्या छायाप्रती, सुपरवायझरच्या परिच्छेदाची तिन्ही रूपं ॲपच्या गुणांसह, किराणा यादीवरच्या अभिप्रायाचा स्क्रीनशॉट.