फ्रिजवरचं मतदान कार्ड

पिंपळनेर, ५ जुलै

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचल्याचं फोनवर सांगून झालंच आहे. आई तुमच्याकडचं चीज शेजारीपाजारी वाटून मोकळी झाली. माझं मन मात्र अजून नेदरलँड्सात, तुमच्या डेल्फ्टच्या कालव्यांवरच फिरतंय. एक विषय फोनवर नीट बोलता येईना, म्हणून कागद घेतला.

तुझ्या फ्रिजवर बिलांच्या आड मतदानाचं एक कार्ड होतं. मार्च २०२३ चं, न वापरलेलं. मी विचारलं तर तू म्हणालीस, "आप्पा, ते काही खरं मतदान नाही. पाण्याच्या मंडळाचं आहे." तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला पोटच्या पोरीने हे ऐकवावं!

आम्ही उतरलो तो स्खिपोल विमानतळ एका तळ्याच्या तळाशी आहे, हे तुला माहीत असेलच. हार्लेमरमेर नावाचं ते तळं होतं साधारण १८ हजार हेक्टरचं. वाफेवर चालणारी तीन पंपघरं लावून १८४९ ते १८५२ अशी तीन वर्षं ते उपसलं. म्हणजे विमानतळावर आई पर्समध्ये पासपोर्ट शोधत होती तेव्हा समुद्राची पातळी आमच्या पायांच्या तीन-चार मीटर वर होती. मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

नेदरलँड्सचा चौथा हिस्सा असाच समुद्रसपाटीखाली आहे. मग ते पाणी सांभाळतं कोण? राजा नाही आणि हेगमधली १५० जणांची लोकसभाही नाही. ते काम या मंडळांचं, तुमच्या भाषेत वाटरस्खापचं. देशात अशी २१ मंडळं आहेत. त्यांची निवडणूक वेगळी आणि पट्टी, म्हणजे करही वेगळा. ती पट्टी बघून तू कपाळाला हात लावला होतास, आठवतं? वयाने तर ही मंडळं देशापेक्षा थोरली. राइनलँडचं १२५५ चं, तुमचं डेल्फलँडचं १२८९ चं. डच लोक ज्याला राष्ट्रपिता मानतात त्या विल्यम ऑफ ऑरेंजला १५८४ मध्ये तुझ्याच गावात गोळी घातली, ती भिंतीतली भोकं आपण पाहिली. तोवर तुमच्या मंडळाला जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. आजच्या घराण्याचे राजे आले ते तर १८१५ पासून.

जुन्या काळी तुमच्याकडे ज्याची जमीन पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आसऱ्याला, त्याच्या वाट्याला बांधाचा एक तुकडा यायचा. तो त्याने राखायचा. राखणं झेपेनासं झालं की त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि गाव सोडून जायचं. जो ते फावडं उपटेल, त्याची जमीन आणि त्याच्याच गळ्यात बांध. हे वाचलं आणि मी थेट आपल्या पांझरा नदीकाठी येऊन पोहोचलो.

लहानपणी तू आजोबांबरोबर बंधाऱ्यावर जायचीस. आपली फड पद्धत तिनशेहून अधिक वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचा सलग पट्टा, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. पाट साफ करायचा तर ज्याचं शेत त्याचा माणूस. तिथे तुझी जात-पात, तुझा पुढारी कोणता, हे पाणी विचारत नव्हतं. आपल्याकडे पाणी यावं म्हणून माणसं एकत्र बसली, तुमच्याकडे जावं म्हणून. फरक एवढाच, की आपल्याकडे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि बरेचसे फड विस्कटले. त्यांनी मंडळ मोडू दिलं नाही. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

सगळं गोड आहे असंही नाही. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळात समुद्र नैऋत्येकडच्या झेलँड प्रांताचे बांध फोडून आत शिरला आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर अजस्र भिंती बांधायला घेतल्या. त्यातली ओस्टरस्खेल्डची खाडी तर कायमची बुजवायची असं ठरलेलं. कालवं-शिंपल्यांवर जगणारे कोळी आणि निसर्गवाले आडवे आले. आराखडा बदलला. ९ किलोमीटरच्या त्या कामात ६२ पोलादी दारं बसवली, एरवी उघडी आणि वादळात बंद. १९८६ मध्ये ते खुलं झालं. खर्च वाढला तो वाढलाच. इंजिनियर म्हणून सांगतो, भिंत बांधणं सोपं असतं.

आता तुझ्या कार्डाकडे येतो. कालव्यात पाणी किती ठेवायचं, हे मंडळ ठरवतं आणि खरी भांडणं तिथेच होतात. शेतकऱ्याला पाणी खाली हवं, नाहीतर ट्रॅक्टर रुततो. पण पाणी उतरलं की खालची पीट माती, म्हणजे कुजक्या झाडपाल्याची जमीन, वाळते, खचते. जमीन खचली की पाणी आणखी उपसा. जुन्या घरांचे पाये लाकडी खांबांवर, ते खांब पाण्याबाहेर उघडे पडले की सडतात. म्हणजे घरवाल्याला पाणी वर हवं. पक्षी बघणाऱ्यांना त्याहून वर. काही सेंटिमीटरचा प्रश्न, पण त्यात एकाचं पीक जातं आणि एकाचं घर.

नगरपालिकेला मत द्यायचं तर तुमच्यासारख्या बाहेरच्यांना तिथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. पाणी मंडळाला तशी अट नाही. कायदेशीर राहतेस, अठरा पूर्ण आहेत, बस. पासपोर्ट कुठला ते त्यांना नको आहे. पाण्याखाली जाणार ना तुम्ही आमच्याबरोबर, मग बोला. (पट्टी तर भरतेच आहेस.)

पुढची निवडणूक मार्च २०२७ मध्ये आहे. जावईबापूंनाही सांग. कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही, पण उमेदवारांनी पाण्याच्या पातळीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच आणि मलाही मराठी करून पाठव.

आणखी एक काम. त्या जुन्या चर्चचा मनोरा ओळंब्यापासून जवळजवळ दोन मीटर कललाय म्हणतात. मी घाईत नीट पाहिलाच नाही. उजेड चांगला असेल तेव्हा कालव्याच्या पलीकडून फोटो काढ, शेजारचं घर सरळ दिसेल असा. मी इथे पट्टी लावून मोजतो.

आप्पा