कंबरदुखीसोबत लघवी अडकली तर थांबू नका

संपादक महोदय,

कंबर दुखली की आपल्याकडे बाम, शेक नाहीतर पट्टा, झालं. लोकलमध्ये उभं राहून कोणाची दुखत नाही म्हणा! पण त्यासोबत लघवी अडकली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिर वाटलं, दोन्ही पायांतला जोर गेला तर ती इमर्जन्सी आहे. माझ्या मित्राचं तेच झालं, मणक्यातली चकती सरकून खालचा नसांचा जुडगा दाबला गेला, डॉक्टर याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. पहिल्या दवाखान्यात गोळ्या देऊन घरी पाठवलं, लघवीचं कोणी विचारलंच नाही आणि हा लाजून बोलला नाही. यात तातडीने एमआरआय आणि शक्यतो ४८ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, ऑपरेशन लागतं, नाहीतर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

ऑपरेशन झालंय, हळूहळू चालतो, लघवीची नळी (कॅथेटर) अजून आहे. आम्ही मित्र आळीपाळीने जातो, नुसता धीर देण्यापेक्षा पिशवी रिकामी करणं, मेडिक्लेमचे कागद बघणं, वहिनींना दोन तास झोपू देणं हेच जास्त कामाचं. महापालिकेच्या दवाखान्यांत या लक्षणांचं मराठी पोस्टर लावा की, खर्च तो असा किती येणारे?

– एक वाचक, भांडुप