आठ जण नको, चौघं या

संगमनेर,
अक्षय्य तृतीयेची आदली संध्याकाळ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

जूनच्या पहिल्या शनिवारी काजवे बघायला तुम्ही आठ जण भंडारदऱ्याला येताय, तंबूचं बघून ठेव, असं तू म्हणालास आणि लगेच तुझी मीटिंग सुरू झाली. माझं बोलणं राहूनच गेलं. तसाही फोनवर तू नुसता हां हां करतोस, म्हणून लिहून पाठवतेय. निवांत वाच आणि मगच मित्रांशी बोल.

मागच्या आठवड्यात आम्हीच तिथे राहून आलो. हसू नकोस, तंबूतच राहिलो. मामा-मामी, त्यांची धाकटी, मी आणि बाबा. "घरात पंखा असताना जमिनीवर झोपायची हौस कुणाला?" असं दोन दिवस ऐकवलं बाबांनी, आणि निघताना गाडीत पहिली उशी ठेवली तीही त्यांनीच. अकोले मागे पडलं, राजूरला पेढे घेतले, शेंडीला चहा झाला. धरणाची भिंत दिसली आणि बाबांमधला पाटबंधारेवाला जागा झाला. १९१० साली काम सुरू, १९२६ ला पूर्ण, सगळी भिंत दगडी, साठा अकरा टीएमसी म्हणजे अकरा अब्ज घनफूट, हे धाकटीला तिथेच उभं करून सांगितलं. तिचं लक्ष कणसांच्या गाडीकडे.

पाणी बरंच खाली गेलंय. उन्हाळ्यात शेतीसाठी धरणाचं पाणी, म्हणजे आवर्तन, सुटलं की तलाव उतरत जातो, तेच पाणी प्रवरेतून आणि कालव्यांतून खाली आपल्याकडच्या उसाला येतं. मागे सरकलेल्या पाण्याने मोकळ्या केलेल्या काठावर तंबू लागतात. माती तडकलेली, मध्येमध्ये खडे, कुठे कुठे गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायच्या, जागेत कुणी काही पेरलेलं. संध्याकाळी मी पाय मोकळे करायला पाण्याकडे निघाले, तर एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून नुसती ओरडायला लागली. एकदा तर इतकी खाली आली की मी पदर डोक्यावर घेतला. तंबूवाला पोरगा लांबून ओरडला, "मावशी, तिथंच थांबा, पायाखाली बघा!" बघते तर माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाहीच. जमिनीत उथळसा खळगा, भोवती चार खडे. अंड्यांचा रंग मातकट, वर काळसर ठिपके, टोकं आत वळवून ठेवलेली. मी नजर उचलून पुन्हा खाली बघितलं तर ती मला सापडेनात, इतकी त्या खड्यांत मिसळलेली. त्या पोराने तिथे कडेने मोठे दगड मांडून ठेवले होते, गाडी अंगावर जाऊ नये म्हणून. कारण लोक थेट पाण्यापर्यंत गाड्या नेतात. का, तर फोटोत मागे रतनगड आणि पुढे गाडी यायला हवी.

सकाळी त्या पोराचे आजोबा आम्हाला रानात घेऊन गेले. महादेव कोळी समाजातले, वय झालंय पण चढावर बाबांना मागे टाकत होते. बहावा नुकता फुलायला लागलाय. कुड्याची पांढरी फुलं आलीत. करवंदं अजून हिरवी, धाकटीने तरी तोंडात टाकलीच आणि चिकाने ओठ चिकटले. शेतांत पालापाचोळा जाळून राब भाजून झालेले, काळे चौकोन दिसत होते. पाऊस पडला की तिथेच भाताची रोपं टाकणार. पावशा "पेरते व्हा" ओरडत होता. आजोबा म्हणाले, "हा घाई करतो, पाऊस नाही करत."

आणि हिरडा. आपण हिरडा म्हणजे आयुर्वेदिक दुकानातली पुडी एवढंच धरून चालतो. तिथे आता घरोघरी त्याचंच काम चाललंय. आठळी धरायच्या आत कोवळी फळं काढतात आणि वाळवतात, तो बाळहिरडा. आजोबांच्या अंगणात ताडपत्रीवर पसरलेला होता. एका कडेला आज आणलेली हिरवी फळं, मध्ये पिवळट पडलेली, पलीकडे सुकून सुरकुतलेली काळी. मी एक काळं चावून बघितलं, तोंड असं काही तुरट झालं की नंतर प्यायलेलं पाणी गोड लागलं. त्यांची सून दर थोड्या वेळाने येऊन हात फिरवून जात होती. पावसाळ्याआधी हातात येणारा रोख पैसा तो हाच. भात निघायला दिवाळी उजाडते.

हे सगळं सांगायचं कारण, तुम्ही ज्या झाडांवर काजवे बघायला येणार ती हीच झाडं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर. मेच्या शेवटी एखादा वळीव झाला, हवेत दमटपणा आला की काजवे दिसायला लागतात, आणि पाऊस नीट लागला की संपतात. पंधरा-वीस दिवसांचा खेळ, त्यात त्यांची लग्नं लागायची असतात. नर चमकतो तो मादीला दिसावं म्हणून. तिथे गाडीचा हेडलाइट, मोबाइलची बॅटरी आणि ड्रोनचा दिवा लागला तर तिला काय दिसणार? आजोबांनी हे रागावून नाही सांगितलं. "रस्त्याकडच्या झाडांवर पूर्वीसारखे बसत नाहीत," एवढंच म्हणाले आणि विडी पेटवली. मादी अंडी घालते ती खाली पालापाचोळ्यात, ओल्या मातीत. त्यातून निघालेल्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात. म्हणजे झाडाखाली चटई टाकून बसणं हेही काही साधं नाही.

शनिवारी रात्री घाटघर-रतनवाडीच्या रस्त्यावर काय होतं ते मामाने गेल्या जूनमध्ये बघितलंय. गाड्यांची रांग, हॉर्न, गाडीच्या टपावर नाचणारी मुलं. आम्ही गेलो तेव्हा हंगाम नव्हता, तरी शेजारच्या तंबूत स्पीकर होताच. तो बंद झाल्यावर कुठे रातवा पक्ष्याचा चक् चक् चक् आवाज ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग बाबांचं घोरणं.

तर माझं म्हणणं ऐक. शनिवार सोडून दे. मंगळवार-बुधवार बघ, एक दिवस सुट्टी टाक, नाहीतर घरी बसून काम कर आणि संध्याकाळी निघ. आठ जण दोन गाड्यांत येणार, त्यापेक्षा चौघं या, एका गाडीत. बाकीच्यांना पुढच्या वर्षी आण, काजवे कुठे पळून जात नाहीत. अंधार पडायच्या आत रतनवाडीला पोचा, अमृतेश्वराचं देऊळ उजेडात बघा. त्या दगडावरचं कोरीवकाम घाईत बघायचं नसतं. बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद लावून जमिनीकडे धरा. अभयारण्य आहे, वनखात्याचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, चौकीवर विचारून मगच आत जा. जेवण आजोबांच्या घरी सांगितलंय मी. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. नूडल्सची पाकिटं आणू नका, त्याचा कचरा तिथे उचलणारं कुणी नाही. स्पीकरचं तर बोलूच नको. तुझ्या त्या गिटारवाल्या मित्राला मात्र घेऊन ये, पोरगा गातो छान, घरी गच्चीवर गाऊ दे.

येताना आणि जाताना एकेक मुक्काम इथे हवा. उन्हाळा यंदा लवकरच तापलाय. बाबा सकाळी सातलाच कूलरमध्ये पाणी भरतात आणि दुपारी तो गरम हवा फेकतो म्हणून त्यालाच शिव्या घालतात. माठ नवा आणला, जुना पाझरायचाच बंद झाला होता. कुरडया झाल्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून. मावशी आली होती सोऱ्या फिरवायला, खालची काकूही आली. गरम चिकात तूप-मीठ घालून आम्ही तिघींनी आधी वाटी वाटी खाल्ला, मग कामाला लागलो. तुझ्या वाटणीचा नेहमीसारखा राखायचा होता, पण चीक टिकत नाही, त्याला मी काय करू? उद्या आमरस आहे. विकतचा हापूस आहे, गावरान यायला अजून वेळ आहे. तुम्ही याल तेव्हा गावरान सुरू झालेला असेल, चोखून खायला.

तारीख सोमवारपर्यंत कळव. तंबूवाला म्हणतो, आठवड्याच्या मधले दिवसही आता भरायला लागलेत, आणि मी त्याला दोनच तंबू सांगणार आहे.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, मंगळवार ठरला तर ते पण येणार. उशी त्यांची ते आणतील.