टॅबच्या निविदेत कुलपाच्या चावीचीही अट घाला

संपादक महोदय,

शाळांना टॅब वाटल्याचे फोटो आपण सगळेच पेपरात बघतो. चार वर्षांनी त्या टॅबचं काय झालं, याचा फोटो कुणी काढत नाही. ते माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र. सांगलीच्या गावभागात माझं मोबाईल आणि टॅब दुरुस्तीचं दुकान आहे.

मध्यंतरी जत तालुक्यातल्या एका शाळेचे गुरुजी पोत्यात घालून टॅब घेऊन आले. काचा शाबूत, मागं साधा ओरखडा नाही. चालू केला की कंपनीचा लोगो, मग शिकवणीच्या ॲपची लॉगिनची पाटी, आणि तिथंच गोल गोल फिरत राहतं. ज्या सर्व्हरला तो हाका मारत होता तो सर्व्हरच बंद पडलेला. काहींच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या, त्या बदलता आल्या. घोडं पेंड खात होतं ते सॉफ्टवेअरपाशी. दुसरी सिस्टीम मारायची तर आधी बूटलोडर, म्हणजे टॅब चालू होताना सिस्टीम उठवणारा छोटा प्रोग्रॅम, उघडावा लागतो, आणि कंपनीनं तो कुलूप लावून ठेवलेला. मेल पाठवली, उत्तर नाही. गुरुजींना नवीन घ्या म्हटलं तर म्हणाले, "अहो, हे आले तेव्हा मांडव घातला होता आम्ही."

आता दुसरी बाजू. माझ्या टेबलावर २०१२ सालचा सात इंची नेक्सस ७ टॅब आहे. त्याला कंपनीकडून शेवटचं आलं ते ५.१ मालिकेतलं अँड्रॉइड, २०१५ साली. पुढं काही नाही. पण त्याचं कुलूप उघडायची सोय पहिल्यापासून ठेवलेली होती. केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा, एका ओळीची आज्ञा द्यायची, आतलं सगळं पुसलं जाईल अशी ताकीद येते, तिला हो म्हणायचं. झालं काम. जगभरच्या हौशी लोकांनी या टॅबचा आधार लिनक्स या मुक्त, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येणाऱ्या, प्रणालीच्या मूळ कर्नलमध्येच (गाभ्यातच) घालून ठेवलाय. त्यावर मी पोस्टमार्केटओएस घातलं. जुने फोन आणि टॅब दहा वर्षं तरी चालावेत म्हणून २०१७ मध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रणाली. अल्पाइन या हलक्या लिनक्सवर उभी आहे, त्यामुळं एक जीबी रॅममध्येही तिचा जीव गुदमरत नाही.

सगळं गुळगुळीत चालतं असं मात्र नाही. समोरचा कॅमेरा चालत नाही. पहिल्यांदा मराठी फाईल उघडली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन; देवनागरी फाँट वेगळा घालावा लागला. ओटीजी केबलला साधा कीबोर्ड लावला की इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत मराठी टायपिंग होतं. सर्किटचे नकाशे मी यावरच उघडतो. कीविक्स या ॲपवर मराठी विकिपीडिया भरून ठेवलाय, त्याला इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या वाडीवरच्या शाळेला याहून जास्त काय पाहिजे? गुरुजींनी दहा मिनिटं तो हाताळला आणि मग आपल्या पोत्याकडं बघितलं.

हातातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही आपल्याला काही नवलाई नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन सिम्प्युटर घडवला तो लिनक्सवरच. त्याचं अमिडा हे मॉडेल २००४ मध्ये बाजारात आलं, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीनं. धंदा जमला नाही, हा भाग वेगळा. केरळच्या सरकारी शाळांतले कॉम्प्युटर तर कितीतरी वर्षं मुक्त प्रणालीवर चालतायत.

कुणी म्हणेल, अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे की. आहे, आणि त्यातच मेख आहे. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. म्हणजे टॅब विकणाऱ्यानं त्यातल्या कर्नलचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, मागेल त्या गिऱ्हाइकाला दिला पाहिजे. पण बदललेला कर्नल त्याच यंत्रावर चढवू दिला पाहिजे, असं त्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलेलं नाही. घरगुती यंत्रांपुरतं ते कलम २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आलं आणि कर्नल मात्र दुसरीवरच राहिला. म्हणजे कायद्यानं कोड मिळेल, पण टॅब उघडणार नाही. युरोपात जून २०२५ पासून नियम आलाय, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायची. कुलपाबद्दल तिथंही सक्ती नाही.

कुलूप चोरापासून राखण करतं, हे मलाही मान्य आहे. रोजच्या फोनचा बूटलोडर उघडून मागणाऱ्या पोरांना मी परत पाठवतो, कारण मग बँकेची ॲपं रुसतात आणि यूपीआय बंद पडलं की शिव्या मलाच. पण शाळेच्या टॅबवर कुणाचं बँक खातं असतंय? वॉरंटीची, अपडेटची मुदत संपल्यावर ते कुलूप कुणाची राखण करतं, हे मला तरी कळलेलं नाही.

जिल्हा परिषद, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार निधी, कुठूनही टॅब घेताना निविदेत दोन अटी घालाव्यात. कर्नलचा सोर्स कोड मालासोबतच हवा. आणि वॉरंटी संपताच, किंवा कंपनीनं अपडेट थांबवताच, बूटलोडर उघडायची चावी शाळेला फुकट मिळावी. नाही दिली तर अनामत रक्कम जप्त. हजारांनी माल घेणाऱ्याचं कंपनी ऐकते, एकट्या गुरुजींचं ऐकत नाही.

ज्या शाळांच्या कपाटात असे टॅब पडून आहेत त्यांनी भंगारात घालण्याआधी पाठीवरचा मॉडेल नंबर उतरवून घ्यावा आणि पोस्टमार्केटओएस किंवा लिनिएजओएस (अँड्रॉइडवरच बेतलेली मुक्त प्रणाली) यांच्या यादीत तो आहे का, हे गावातल्या एखाद्या जाणत्या पोराकडून बघून घ्यावं. बॅटरी फुगून झाकण वर आलं असेल तर मात्र चार्जिंगला लावू नये.

— एक दुरुस्तीकार, गावभाग, सांगली