टेकडी सपाट करू नकोस

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. व्हॅलहाइम या गेममध्ये ब्लॅक फॉरेस्ट या जंगलाच्या कडेला, थेट खाडीपर्यंत उतरत गेलेली टेकडी तू बेससाठी निवडलीस हे वाचून मनापासून आनंद झाला. पण पुढच्याच परिच्छेदात ती सगळी टेकडी सपाट करून वर एकच मोठा वाडा बांधण्याचा तुझा बेत वाचला आणि लगेच उत्तर लिहायला घेतले. टेकडी सपाट करू नकोस, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. उतार आहे तसा राहू दे आणि घर त्याच्या कलाने टप्प्याटप्प्याने खाली उतरव.

पहिले कारण गेमच्या नियमातच आहे. जमीन तिच्या मूळ पातळीपासून फार तर ८ मीटर खाली खणता येते आणि ८ मीटर वर उचलता येते. माथा पूर्ण ८ मीटर छाटून पायथा पूर्ण ८ मीटर भरला, तरी दोहोंमधला जास्तीत जास्त १६ मीटरचा फरक भरून निघतो. तू वर्णन केलेली टेकडी त्याहून उंच वाटते. म्हणजे टिकाव चालवून आणि दगडांच्या राशी ओतूनही शेवटी मध्ये एक कडा उरणारच, आणि तोही असा, की पुढे ना खणता येईल ना भरता येईल.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हातोडा हातात घेऊन बांधकामाकडे पाहिलेस की प्रत्येक भागाचा रंग दिसतो. जमिनीला टेकलेला भाग निळा असतो. तिथून जसजसे दूर जावे तसतसा आधार घटतो आणि रंग हिरवा, पिवळा, नारिंगी होत अखेर लाल होतो, आणि त्यापुढे लावलेला तुकडा टिकतच नाही. लाकडाच्या बाबतीत हा आधार उभ्या दिशेपेक्षा आडव्या दिशेत लवकर संपतो. त्यामुळे सपाट जागेवरच्या मोठ्या दिवाणखान्यात छत पेलायला मधोमध खांबांची रांग उभी करावी लागते. उतारावर मात्र घराचा प्रत्येक टप्पा नव्याने जमिनीला टेकतो आणि प्रत्येक टप्प्याच्या जोत्यापाशी रंग पुन्हा निळा होतो. सपाटीवर चारमजली इमारतीला जो आधार कधी मिळणार नाही, तो उतारावरच्या चार टप्प्यांना प्रत्येक ठिकाणी आपोआप मिळतो. खांबाचे खालचे टोक जमिनीत थोडे रुतवले तरी चालते, म्हणून खालची जमीन वेडीवाकडी असली तरी तिला हात लावण्याची गरज नसते.

टप्प्यांची उंची मात्र मनाला येईल तशी ठेवू नकोस. लाकडी फरशी २ मीटर लांब-रुंद असते, अर्धी भिंत १ मीटर उंच असते आणि २६ अंशांचे छप्पर २ मीटर अंतरात १ मीटर चढते. म्हणून दोन टप्प्यांमधला फरक नेमका १ किंवा २ मीटर ठेवलास, तर भिंती, जिने आणि छप्पर एकमेकांत अचूक बसतात. खोरे जमीन आपण उभे असतो त्या पातळीला आणते, त्यामुळे आधी एक खांब रोवून उंची निश्चित कर, तिथे फरशीचा एक तुकडा बसव, त्यावर उभा राहा आणि मगच खोरे चालव. वरच्या टप्प्याचे छप्पर खालच्या छपरावर थोडे पुढे येऊ दे; उघड्या लाकडाची ताकद पावसाने निम्म्यावर येते आणि टप्प्यांच्या सांध्यापाशीच ते उघडे राहण्याचा संभव अधिक.

कॉलेजात असताना आपण राजगडावर गेलो होतो, तेव्हा संजीवनी माचीवरून चालताना तू म्हणाला होतास की हा तट डोंगराला विचारून बांधलेला दिसतो. मला ते वाक्य आजही पटते. माची सोंडेच्या अरुंद धारेवरून टप्प्याटप्प्याने उतरते, तट कड्याच्या रेषेने वळतो, आणि कुठेही डोंगर कापून सरळ रेषा काढण्याचा अट्टाहास दिसत नाही. आपल्या गडांवरची आणखी एक पद्धत मला या गेममध्ये फार उपयोगी पडते. पाण्याची टाकी खोदताना निघालेला दगड तिथेच तटबंदीला वापरत असत. तूही तेच कर. वरच्या अंगाला, जंगलाच्या बाजूने, टिकावाने खोल चर खण. त्यातून निघालेले दगड खोऱ्याने जमीन उचलण्यात वापर आणि चराच्या आतल्या कडेला मातीचा उंच बांध घाल. ग्रेड्वार्फ हे जंगलातले शत्रू लाकडी कुंपण फोडतात, पण मातीच्या बांधाचे त्यांना काही करता येत नाही. खाडीच्या बाजूने उतार आणि पाणी आहेच, त्यामुळे बंदोबस्त एकाच अंगाला करावा लागेल. शिवाय प्रत्येक टप्प्यावर एकेक वर्कबेंच, म्हणजे कामाचे टेबल, ठेव, म्हणजे त्याच्याभोवती २० मीटरच्या परिसरात शत्रू नव्याने उगवणार नाहीत. बाहेरून चालून येणारे येतील, पण त्यांच्यासाठी चर आहे.

गाडरस्त्याचा विचार मात्र आजच कर, कारण घर उभे राहिल्यावर त्याला जागा उरत नाही. नेहमीच्या नियमांनी खेळताना धातू पोर्टलमधून, म्हणजे क्षणात दूर पोहोचवणाऱ्या दारातून, नेता येत नाही. दलदलीतल्या तळघरांमधून आणलेले लोखंड जहाजाने खाडीत उतरेल आणि तिथून गाड्यात भरून भट्टीपर्यंत ओढावे लागेल, आणि भरलेला गाडा तीव्र चढावर अक्षरशः रेंगाळतो. भट्टी माथ्यावर न ठेवता सर्वांत खालच्या टप्प्यावर, धक्क्याशेजारी ठेव. वर नेण्यासारखे फारसे काही उरणारच नाही. तरीही रस्ता हवा असेल, तर तो सरळ वर न नेता आडवा, वळणे घेत ने.

दगडी बांधकामाची घाई करू नकोस. दगड घडवण्याच्या स्टोनकटरलाच लोखंड लागते, तेव्हा पहिला मुक्काम लाकडाचाच असेल. पुढे दगड हाती आला की सर्वांत खालच्या टप्प्याचे जोते दगडाचे कर. दगड उंच चढतो, आडवा मात्र अधांतरी जवळजवळ टिकत नाही, आणि त्याच्यावर उभे केलेले लाकूड जमिनीवर उभे असल्यासारखा भक्कम आधार घेते. चुलीचा धूर खालच्या टप्प्यावरून छपराखाली वर चढत जातो, तेव्हा सर्वांत वरच्या आढ्यापाशी धुराला वाट ठेव. कोंडला तर तो जीव घेतो.

शनिवारी रात्री मी तुझ्या सर्व्हरवर येईन. तोवर एकच काम उरकून ठेव. माथ्यावरचे पाइन आताच पाडून टाक, कारण तोडलेले ओंडके उतारावरून गडगडत येतात आणि वाटेतली भिंत मोडतात. त्यातून कोअर वुडही भरपूर मिळेल. ते साध्या लाकडापेक्षा जास्त उंचीपर्यंत आधार देते आणि आपल्याला मोठ्या खांबांसाठी लागणारच आहे.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र